बिनखात्याचे बालमंत्री

मृगाचा पाऊस बरा होऊन कापूस-सोयाबीनच्या पेरण्या उरकल्या, गावातील माणसे कोळपणीच्या उद्योगाला लागली आणि शाळेचा हजेरीपट एकदाचा स्थिरावला, म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांतून लोकशाहीचा एक छोटेखानी उत्सव साजरा होतो. त्यास 'शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक' असे भारदस्त नाव आहे. अलीकडे या उत्सवास यंत्रयुगाचा स्पर्श झाला असून, गुरुजींच्या मोबाइलवर मतदानयंत्राचे ॲप उतरवून घेतले जाते, उमेदवारांना पेन्सिल, चेंडू, पतंग अशी निरुपद्रवी चिन्हे बहाल होतात, चौथी-पाचवीची पोरे ओळखपत्रादाखल वहीचे मुखपृष्ठ दाखवीत रांगेत उभी राहतात आणि केंद्राध्यक्ष झालेल्या थोरल्या विद्यार्थ्याकडून डाव्या हाताच्या बोटावर शाई लावून घेताना त्यांच्या मुद्रेवर जे गांभीर्य प्रकट होते, ते विधानसभेच्या मतदान केंद्रावरील प्रौढ नागरिकांच्या मुद्रेवर क्वचितच आढळते. सायंकाळपूर्वी निकाल लागतो, थोडा गुलाल उधळला जातो, मुख्याध्यापक राज्यपालांच्या थाटात शपथ देतात, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री आणि पोषण आहार मंत्री अशा नामावळीसह एक छायाचित्र झळकते.

या सोहळ्याची टवाळी करण्याचा माझा मनोदय मुळीच नाही. ज्या शिक्षकांच्या माथ्यावर माहितीच्या तक्त्यांचा आणि प्रशिक्षणांचा एवढा बोजा आहे, त्यांनी तो बाजूला सारून मुलांसाठी असा एक दिवस काढावा, हे त्यांच्या कळकळीचेच द्योतक आहे; शिवाय १९८८ च्या घटनादुरुस्तीने मतदाराचे वय २१ वरून १८ वर आणले असताना, दहाव्या वर्षी एकदा कळ दाबलेल्या मुलाची आठ वर्षांनी भीड चेपलेली असेल, हाही लाभ थोडा नव्हे. माझी तक्रार आहे ती मतदानाच्या दिवसाबद्दल नसून त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल. नवनिर्वाचित पाणीमंत्र्याने दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येऊन नेमके करायचे काय, कोणता निर्णय त्याच्या अखत्यारीत आहे, टाकीत पाणी नसेल तर त्याने कोणाकडे दाद मागायची आणि मागितलेल्या दादीस उत्तर देण्यास कोण बांधील आहे, यांविषयी बहुतेक शाळांतून संपूर्ण मौन पाळले जाते. मोठ्यांच्या राजकारणात एखाद्याचे समाधान करावयाचे झाले म्हणजे त्यास बिनखात्याचा मंत्री करतात. आमच्या शाळांतून अख्खे मंत्रिमंडळच बिनखात्याचे असते, फरक एवढाच, की त्यातील प्रत्येकाच्या नावापुढे खात्याचे नाव मात्र लिहिलेले असते.

मी स्वतः गंगाखेड तालुक्यातील एका जिल्हा परिषद प्रशालेत नववीत असताना असाच एक मुख्यमंत्री होतो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मी घेतो आहे. आमच्या वेळी यंत्र नव्हते; वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या आणि बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा एवढ्या सामग्रीवर आमची निवडणूक पार पडली. शालेय वयात नेतृत्व केल्याने वक्तृत्व येते, आत्मविश्वास दुणावतो आणि व्यक्तिमत्त्वास पैलू पडतात, असे गुणगौरवाच्या कार्यक्रमांतून नेहमीच सांगितले जाते. माझा अनुभव काहीसा निराळा आहे. वक्तृत्व ज्यांच्यापाशी होते त्यांच्यापाशी ते निवडून येण्यापूर्वीच होते, किंबहुना त्यामुळेच ते निवडून आले. आणि आत्मविश्वास म्हणाल तर पदामुळे तो वाढण्याऐवजी, आपल्या शब्दाला शाळेत किती कवडीची किंमत आहे याचा साक्षात्कार होऊन, तो बराचसा ताळ्यावर आला. त्या पदाने मला जे शिकवले ते याहून पुष्कळ रुक्ष आणि दफ्तरी स्वरूपाचे होते.

विद्यार्थी-नेत्याच्या हाती शाळा पहिली वस्तू देते ती खडूचा तुकडा. गुरुजी पगारपत्रकाच्या कामासाठी कार्यालयात गेले किंवा तालुक्याच्या ठिकाणी सभेस गेले, म्हणजे वर्ग शांत ठेवण्याचे दायित्व त्याच्याकडे येते, आणि ते पार पाडण्याचा जो एकमेव मार्ग त्यास शिकवलेला असतो तो म्हणजे फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहिणे, आणि जो पुन्हा बोलेल त्याच्या नावापुढे एकेक फुली वाढवीत जाणे. ही सत्ता आहे यात शंका नाही. शाळकरी मुलाच्या वाट्यास येणारी इतकी निर्भेळ सत्ता दुसरी नसेल. परंतु ती उसनी सत्ता आहे, आणि उसन्या सत्तेभोवती जो बाजार भरतो तो याही सत्तेभोवती अल्पावधीत भरतो. फळ्यावरील नाव पुसण्याचा दर ठरतो, आणि तो चिंचा, बोरे, गोट्या किंवा उतरवून दिलेला गृहपाठ अशा चलनात वसूल होतो. जिवलग मित्रांस अभय मिळते. ज्याच्याशी कालच भांडण झाले त्याचे नाव त्याने तोंड उघडण्यापूर्वीच फळ्यावर विराजमान होते. गुरुजी परत येतात, यादी वाचतात, छडी उचलतात. यादी खरी की खोटी याची चौकशी कोणी करीत नाही, आणि जिचा पडताळा होत नाही अशी यादी वर पाठवणे म्हणजेच नेतृत्व, ही समजूत ज्या मुलाच्या मनात त्या कोवळ्या वयात रुजली, तो पुढे मोठा होऊन काय करतो हे पाहायचे असेल तर फार दूर जाण्याचे कारण नाही. तालुक्याच्या राजकारणात अशा वर्गनायकांची वाण नाही.

गंमत अशी, की वर्गनायकाच्या या पदाचा मूळ इतिहास पाहू गेल्यास त्यात पाळत ठेवण्याचा भाग दुय्यम होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथाश्रमात थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची जी पद्धत चालवली, तिचे बीज त्याने आपल्याकडील गावशाळांत, मुले वाळूवर अक्षरे गिरवीत बसलेली पाहून घेतले होते. पुढे ही पद्धत 'मद्रास पद्धत' या नावाने इंग्लंडात गेली व तेथे तिचा मोठा बोलबाला झाला. आपल्या पंतोजींच्या शाळांतूनही पुढे गेलेला मुलगा मागच्यास पाढे घोकून देत असे. म्हणजे ज्याला अधिक येते त्याने कमी येणाऱ्याच्या शेजारी बसावे, हे या पदाचे जन्मकालीन प्रयोजन. कालांतराने शेजारी बसणे सुटले आणि समोर उभे राहणे तेवढे उरले.

माझ्या कारकिर्दीत ज्या एका कामात मला खरोखर काही करता आले ते काम पाण्याचे. परभणीकडचा उन्हाळा कसा असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शाळेतील पाणी हा काय जिव्हाळ्याचा विषय आहे हे सांगावयास नको. वैशाखात पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळतो, आणि शाळा सकाळची केली तरी घरी परतताना पायाखालची काळी माती अक्षरशः तापलेल्या तव्यासारखी होते. आमच्या प्रशालेच्या व्हरांड्यात दोन रांजण होते, आणि पाणी आणायचे ते रस्त्यापलीकडच्या हापशावरून, घागरींनी. ते कोणी आणायचे याचा लेखी शिरस्ता काहीच नव्हता. गुरुजींची दृष्टी ज्याच्यावर जाईल त्याने उठायचे, आणि ती दृष्टी नेहमी त्याच चार-पाच मुलांवर जात असे. याहून खोल असा आणखी एक अलिखित शिरस्ता होता. गावाच्या एका अंगाला असलेल्या वस्तीवरची मुले रांजणाला हात लावीत नसत. त्यांना तहान लागली म्हणजे ती ओंजळ करून उभी राहत, आणि दुसरे कोणीतरी ओगराळ्याने वरून पाणी ओतीत असे. हे त्यांना कोणी बजावले होते असे नव्हे आणि कोणी मना केले होते असेही नव्हे. तसे चालत आले होते, म्हणून चालत होते.

मी पाळीचा तक्ता केला तो कोणत्याही समाजक्रांतीच्या आवेशाने नव्हे. रोज त्याच त्या पोरांची कुरकुर ऐकून कंटाळा आला होता, एवढेच त्याचे कारण. हजेरीपटावरील अनुक्रमाने रोज दोघांची नावे, ज्यांची पाळी त्यांनी सकाळी रांजण धुऊन भरायचे आणि मधल्या सुट्टीत ओगराळे हाती घेऊन उभे राहायचे, असा तो साधा तक्ता कार्डबोर्डवर लिहून व्हरांड्यात टांगला. हजेरीपटास वस्ती आणि गावठाण यांतला भेद ठाऊक नसतो. त्यामुळे पहिल्याच पंधरवड्यात अशा दोन मुलांची पाळी आली, ज्यांनी आजवर रांजणाला स्पर्श केला नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी दोन प्रतिष्ठित पालक पागोटी सावरीत मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर झाले. "गुरुजी, हे पोरगं कोण तक्ता लावणारं?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. मुख्याध्यापक निजामी अमदानीत शिकलेले, उर्दू वळणाचे, अत्यंत मितभाषी गृहस्थ होते, त्यांनी कपाटातून हजेरीपट काढून टेबलावर ठेवला आणि ते म्हणाले, "हा माझ्या सहीचा आहे, दादाराव. पोराने यातली नावं नुसती उतरवून घेतली." पालक काही वेळ हजेरीपटाकडे पाहत राहिले, आणि चहा घेऊन गेले. तक्ता टिकला. दोन-तीन घरची मुले काही दिवस घरून तांब्या भरून आणू लागली. पण हापसा जवळ होता, तांब्या लहान होता, आणि पुढे चैत्राच्या उन्हाने तो प्रश्न आपोआप निकालात काढला.

मुख्याध्यापकांच्या त्या एका वाक्यात मला जे शिकायला मिळाले, ते नागरिकशास्त्राच्या कोणत्याही धड्यात नव्हते. ज्याच्यापाशी दंड नाही, दौलत नाही आणि वयाचा मानही नाही, अशा पदाधिकाऱ्याला उभे राहण्यासाठी एकच भक्कम जमीन असते, ती म्हणजे सर्वांना सारखा लागू असलेला आणि त्याने स्वतः न रचलेला क्रम. मी माझ्या मर्जीने नावे निवडली असती, तर ती कितीही सद्धेतूने निवडली असती तरी, त्या दोन पालकांपुढे माझी बाजू क्षणभरही टिकली नसती. त्याबरोबर हेही ध्यानात आले, की हा क्रम टिकवण्यास वरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची एक सही लागते, आणि ती मिळाली नाही तर सगळा तक्ता रद्दीच्या मोलाचा. विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाविषयी बोलताना आपण सगळा प्रकाश विद्यार्थ्यावर पाडतो. वास्तविक तो अर्धा तरी मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर पडावयास हवा.

कारण तीच खुर्ची दुसऱ्या प्रसंगी काय करते हेही मी पाहिले. खेळाचे साहित्य हरवेल या भीतीने ते कपाटात कुलूपबंद असे. व्हॉलीबॉल आहे हे आम्हाला ठाऊक होते, कारण कपाटाच्या जाळीतून तो दिसत असे. आम्ही रीतसर अर्ज केला, वर्गांच्या सह्या घेतल्या, साहित्य हरवल्यास वर्गणीतून भरून देण्याची हमी लिहून दिली. अर्जावर शेरा पडला: 'पाहू'. आपल्या कारभारयंत्रणेतील हा सर्वांत लोकप्रिय शेरा असावा, आणि त्याची खुबी अशी, की तो नकार नसतो. नकाराविरुद्ध भांडता येते, वरिष्ठांकडे जाता येते, निदान रागावता तरी येते. 'पाहू'विरुद्ध अपील कोणत्या इजलासात दाखल करावे? व्हॉलीबॉल जाळीतूनच पाहत आम्ही दहावीत गेलो.

या ठिकाणी कोणी म्हणेल, की मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांना तुम्ही व्हॉलीबॉलच्या आणि रांजणाच्या गोष्टी कसल्या सांगता. या भूमीतील विद्यार्थ्यांनी इतिहास घडवला आहे. ते खरेच आहे. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि पाठोपाठ हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून निजामी सत्तेशी विद्यार्थ्यांचा जो संघर्ष झाला, त्यात शेकडो मुलांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले, नागपूर विद्यापीठाने त्यांस आश्रय दिला, आणि त्यांतलेच एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातही आघाडीला विद्यार्थीच होते, आणि त्यात वसमत येथे पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. वसमत त्या वेळी आमच्याच परभणी जिल्ह्यात होते, हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजारोहणानंतर शाळेचा बालमुख्यमंत्री जे पाठ केलेले भाषण म्हणतो, त्यात या परंपरेचा उल्लेख येतो, आणि तो यावा हेच योग्य.

परंतु याच परंपरेने आपल्या कल्पनाशक्तीवर एक मर्यादाही घातली आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. विद्यार्थी-नेता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच आकृती उभ्या राहतात: एक, गुरुजींच्या गैरहजेरीत खडू घेऊन उभा असलेला शिपाई, आणि दुसरी, मोर्चाच्या अग्रभागी घोषणा देणारा सेनानी. या दोहोंच्या मधला जो कारभारी, म्हणजे ज्याला एक लहानसे खाते आहे, त्याचा हिशेब आहे, ज्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि ज्याला प्रश्न विचारलेही जातात, तो आपल्या चित्रातच नाही. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव त्या भाषणांतून मोठ्या आदराने येते. पण संग्रामाच्या नेतृत्वाची धुरा खांद्यावर येण्यापूर्वी हा संन्यासी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षकाचा पेशा करीत होता, रोजच्या रोज शाळा चालवीत होता, हे त्या भाषणांत क्वचितच येते. रोज चालवणे या क्रियेस आपल्या गौरवगाथांत जागा नाही.

महाविद्यालयांच्या वाटेस मी येथे फारसा जाणार नाही. तेथील निवडणुकांतून पैसा आणि हाणामारी शिरली, म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मतपेटीच्या जागी गुणपत्रिका ठेवली. २००६ मध्ये लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चास ५,००० रुपयांची मर्यादा सुचवली. २०१६ च्या कायद्याने मतपेटी पुन्हा कागदावर आणली. या सगळ्या उलाढालीत वाद चालला तो नेता निवडावा कसा याचा. निवडलेल्याने करावे काय, हा प्रश्न तेथेही मागेच राहिला.

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, जो पुण्या-मुंबईच्या शिक्षणतज्ज्ञांच्या ध्यानात सहसा येत नाही. जुलैत निवडून आलेले मंत्रिमंडळ दिवाळीनंतर शाळेत राहीलच, याची गंगाखेड-पालमच्या डोंगरपट्ट्यात शाश्वती नसते. मुकादमाकडून उचल घेतलेले आईबाप, नवरा-बायको मिळून एक कोयता या हिशेबाने, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, आजी-आजोबा आहेत, तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून थोरली मुलगी बरोबर नेली जाते, आणि ती थोरली मुलगी पुष्कळदा शाळेची कोणीतरी मंत्री असते. मतदारच गाव सोडून जातात तेथे मंत्र्याचे काय घेऊन बसलात, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेता येईल. पण पालमकडच्या एका शाळेत मला जी वही पाहावयास मिळाली, तिने मला तसे करू दिले नाही.

सातवीतील एक मुलगी क्रीडामंत्री होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या घरच्यांना घेऊन जाणारा ट्रक सुटणार होता. शाळा सुटताना तिने सहावीतल्या एका मुलाला व्हरांड्यात बसवून साहित्याच्या पेटीची किल्ली दिली, आणि वहीतील एक पान त्याच्यापुढे धरले. त्यावर लिहिले होते: व्हॉलीबॉल १, ब्लॅडर फुटका. दोरीउड्यांच्या दोऱ्या ४, पैकी एकीला मूठ नाही. लगोरीच्या फरश्या ७. रिंग २. रबरी चेंडू १, सहावीच्या वर्गाच्या पत्र्यावर आहे. मुलाने एकेक वस्तू पेटीतून काढून पाहिली, पत्र्यावरचा चेंडू अंगणात उतरून मान उंच करून पाहिला, आणि मग दोघांनी खाली सह्या केल्या, तारीख घातली. गुरुजी दूर उभे राहून पाहत होते. ही रीत त्यांनी एकदा शिकवली होती, पुढे मुलांनी ती स्वतःची केली होती. मोठमोठ्या कचेऱ्यांतून पदभार देण्या-घेण्याचे अनेक प्रसंग मी पाहिले आहेत, पण न चालणारी वस्तू न चालणारी म्हणून नोंदणारी आणि हाती नसलेली वस्तू कोठे आहे ते सांगणारी इतकी प्रामाणिक यादी पाहिल्याचे स्मरत नाही. त्या मुलीला वक्तृत्वाचे बक्षीस मिळाले होते की नाही, मी विचारले नाही.

पोलंडमधील वॉर्सा येथे यानुश कोर्चाक नावाच्या एका वैद्याने १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचे एक वसतिगृह चालवले. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. ज्यांच्यावर त्या आठवड्यात फिर्याद नाही अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात, बहुतेक कलमे क्षमेची असत, आणि फिर्याद मुलांवर जशी करता येई तशी शिक्षकावरही करता येई. कोर्चाक स्वतः या न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभा राहिला होता, आणि आपल्या शिक्षणात या प्रसंगांचा वाटा मोठा आहे असे तो मानीत असे. पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला; जगाला तो बहुधा या अखेरच्या कृत्यामुळे ठाऊक आहे. मला मात्र त्याच्या आयुष्यातील ती साधी गोष्ट अधिक विलक्षण वाटते, की मुलाने केलेल्या फिर्यादीला उत्तर देणे त्याने आपल्यावर बंधनकारक करून घेतले होते.

आपल्याकडे तितके दूर जाण्याचे कारण नाही. कायद्याने पुष्कळ तजवीज करून ठेवलीच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत जी व्यवस्थापन समिती आणली, तीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या असून, आपल्या राज्याच्या नियमांनुसार दोन विद्यार्थ्यांनाही, त्यांत किमान एक मुलगी, समितीवर घ्यावयाचे असते. हे दोन विद्यार्थी म्हणजे निवडून आलेले मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्रीच का नसावेत? समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेस ५,०००, उच्च प्राथमिकास १०,००० आणि माध्यमिकास २५,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. ही रक्कम शाळेत किती आली, हे क्रीडामंत्र्यास अधिकृतपणे सांगावे. काय घ्यावयाचे त्याची यादी मंत्रिमंडळाने करावी. आणि खरेदीनंतर पावती त्याच्या हाती देऊन, यादीशी ताडून पाहण्यास त्यास सांगावे. पोषण आहार मंत्र्याच्या कामाचा आज सर्वत्र समज असा, की त्याने वाढप्यांना मदत करायची. त्याने त्याऐवजी तांदूळ-डाळीची साठा नोंदवही आठवड्यातून एकदा पाहिली, तर वजनमापाचे गणित पुस्तकाबाहेरही असते हे त्यास कळेल, आणि कदाचित आणखीही काही कळेल. पाणीमंत्र्याने टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर लिहावी. झाडलोटीच्या पाळ्या आजही अनेक शाळांत मुलींकडे आणि मैदान आखण्याचे काम मुलांकडे जाते. हजेरीपटाच्या क्रमाने पाळ्या लावल्या तर या वाटणीबद्दल वेगळे व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की मुले लहान आहेत. त्यास उत्तर म्हणून ती पालमची वही पुरेशी आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो खेड्यातल्या शिक्षकांकडूनच येतो: मुलांच्या हाती खरे अधिकार दिले, की ग्रामपंचायतीतले गट शाळेत शिरतात, सरपंचाचा मुलगा मुख्यमंत्री होतो आणि विरोधकाच्या मुलाचा अर्ज बाद करण्यासाठी शाळेबाहेर चारचाकी उभी राहते. हे घडते. पण ज्या पदाला काम नसून केवळ मान आहे, त्याच पदासाठी अशी चढाओढ लागते. रोज सकाळी टाकीत डोकावून पाहणे आणि महिनाअखेर पावत्या जुळवणे हेच ज्या पदाचे स्वरूप आहे, त्यासाठी गावातील कोणता गट गाडी पाठवील, मला दिसत नाही. आणि तरीही धास्ती वाटत असेल, तर दर तिमाहीस खाती फिरती ठेवावीत, पराभूत उमेदवारांना खातेनिहाय प्रश्न विचारण्याचा अधिकार द्यावा, आणि शनिवारच्या दप्तरमुक्त वेळात अर्धा तास त्यासाठी राखून ठेवावा. हरलेल्या मुलाला शाळेत आज काहीच काम उरत नाही. तो एक तर निवडून आलेल्याचा मित्र होतो किंवा वर्षभर त्याची नक्कल करतो.

या सर्वांस एक गोष्ट मात्र हवी. मंत्रिमंडळाच्या सभेसाठी शाळेने एक ठरावबुक ठेवावे, त्यात डाव्या पानावर मुलांचा ठराव आणि उजव्या पानावर पंधरा दिवसांच्या मुदतीत मुख्याध्यापकांचे उत्तर असावे. उत्तर 'होय' असेल तर ठीकच, 'नाही' असेल तर त्याचे कारण असावे, आणि 'पाहू' हा शेरा तेवढा निषिद्ध असावा. गटशिक्षणाधिकारी शाळा तपासणीस येतात तेव्हा त्यांनी इतर दप्तराबरोबर हेही पुस्तक मागून, उजव्या पानांवर नजर टाकावी. एवढ्यास वेळ नाही असे ज्या शाळेस वाटेल, तिने पुढच्या जुलैत निवडणूक घेऊ नये. खडू हाती देऊन एखादा वर्गनायक नेमावा आणि शाईचा खर्च वाचवावा.